कच्चं मटण रात्रभर स्लो कुकरमध्ये ठेवायला सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही स्लो कुकरमधल्या, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यातल्या, पॉट रोस्टची (भाज्यांबरोबर मंद शिजवलेला मांसाचा मोठा तुकडा) रेसिपी दिलीत, ती लगेच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरली आणि दोघी-तिघींनी या वीकेंडला करून बघूया म्हणून अंगठे पण दाखवले, म्हणून घाईने लिहितेय. पदार्थ मस्त आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्यात रात्री झोपताना मटण-भाज्या सगळं भांड्यात भरून टायमर लावून ठेवा, पहाटे कुकर आपोआप सुरू होईल असं जे सांगितलंय ना, ते मुंबईत कोणी करू नये. अहो मे महिना चालू आहे, रात्री पंख्याखाली झोपूनही उशी ओली होते, त्यात ओट्यावर पाच-सहा तास कच्चं मटण? साधारण ५ ते ६० डिग्रीच्या मध्ये बॅक्टेरिया भराभर वाढतात, आणि आपलं स्वयंपाकघर रात्रभर बरोब्बर त्याच्या मधोमध असतं. नंतर आठ तास शिजतंय की, मग काय होतंय, असं ग्रुपवर एकीने लिहिलंच. तर बॅक्टेरिया मरतात हो, पण काही जातींनी आधीच सोडून ठेवलेलं विष उकळूनसुद्धा जात नाही.

शिवाय हा कुकर तापतोच मुळी आरामात. म्हणून मटण फ्रिजमधून थेट भांड्यात, पण फ्रीझरमधला दगड नाही, तो आदल्या दिवशी खालच्या कप्प्यात सुटायला ठेवायचा. वरून घालायचं पाणी किंवा स्टॉक गरम असू दे, पहिला एक तास हाय वर आणि मग लो. आणि झाकण उचलून बघायचं नाही! एकदा उचललं की आतली वाफ गेली, वीसेक मिनिटं वाया. आमच्याकडे येताजाता ढवळायची सवय सगळ्यांना, सासूबाईंना तर पळी हातात नसली की चैन पडत नाही, त्यामुळे काचेचं झाकण असलेला कुकर घ्या, बाहेरून बघता तरी येतं.

दुसरी गोष्ट राजम्याची. शाकाहारी वाचकांसाठी तुम्ही खाली दोन ओळी टाकल्यात की मटणाऐवजी भिजवलेला राजमा घाला, बाकी कृती तीच. हे तर टायमरपेक्षाही वाईट आहे. लाल राजम्यात एक नैसर्गिक विष असतं, ते खळखळून उकळल्याशिवाय जात नाही. स्लो कुकर लो वर असताना तेवढा तापेलच याची खात्री नाही आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो, काही तासांतच उलट्या-जुलाब. रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं गॅसवर खळाखळा उकळायचा (अर्धा तास उकळलात तर उत्तमच) आणि मग पाहिजे तर स्लो कुकरमध्ये टाका. आपल्या प्रेशर कुकरला हा प्रश्नच येत नाही. गंमत म्हणजे हे यंत्र जन्माला आलं तेच कडधान्यासाठी. शिकागोच्या आयर्व्हिंग नॅक्सनला याचं पेटंट १९४० साली मिळालं. लिथुआनियाकडचे ज्यू लोक शुक्रवारी संध्याकाळी बीन्स-मांसाचं भांडं बेकरीच्या भट्टीत रात्रभर ठेवायचे, शनिवारी त्यांच्या धर्मात चूल पेटवायची नाही म्हणून. ती आईने सांगितलेली आठवण त्याच्या डोक्यात होती. पुढे १९७१ मध्ये दुसऱ्या कंपनीने तेच क्रॉक-पॉट म्हणून बाजारात आणलं. आपल्याला यात फार नवल वाटायचं कारण नाही, डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी कलकत्त्यात १९१० मध्ये केलेला इकमिक कुकर जुन्या लोकांना आठवत असेल, खाली निखारे, वर डब्यावर डबे, आणि ऑफिसातून येईपर्यंत वरण-भात तयार.

आता रोस्टकडे येते. मूळ पदार्थ अमेरिकन, बीफच्या खांद्याचा दीड किलोचा एकच मोठा तुकडा. आपल्याकडे गाईचं आधीपासूनच बंद, २०१५ पासून बैलाचंही, त्यामुळे तुम्ही मटण लिहिलंत ते बरोबर, पण 'बोनलेस मटण, मध्यम तुकडे' असं लिहून सगळी मजाच घालवलीत. मध्यम तुकड्यांचं आठ तासांत काय होतं? मांडीचं असेल तर सुकं, तोंडात दोरे दोरे. मटण मऊ होतं ते त्यातल्या चिवट पांढऱ्या पडद्यांमुळे, म्हणजे ज्याला आपण नावं ठेवतो त्याच भागामुळे. ते पडदे सत्तर-ऐंशी डिग्रीच्या पुढे तासन्‌तास राहिले की विरघळून चिकट रस होतो आणि तोच मांसाला ओलं ठेवतो. मांडीत ते कमी, खांद्यात भरपूर. म्हणून खाटकाला सांगायचं, पुढचा पाय, खांद्यासकट, अख्खा. तो ऐकतच नाही. आमच्या मार्केटमधला तर मी वाक्य संपवायच्या आत ठोकळ्यावर दोन घाव घालून मोकळा होतो, कारण मटण म्हणजे रस्सा आणि रस्सा म्हणजे तुकडे हे त्याच्या हातातच बसलंय. आधी पैसे द्या, मग सांगा, आणि सुरा खाली ठेवेपर्यंत नजर हटवू नका. नळीचं हाड तेवढं एका जागी तोडून घ्यायचं, नाहीतर पाय भांड्यात मावत नाही.

मीठ-मिरी, आलं-लसूण लावून तासभर फ्रिजमध्ये. मग जाड कढईत थोड्या तेलावर सगळ्या बाजूंनी चांगलं तांबूस करायचं, ही पायरी तुम्ही 'ऐच्छिक' म्हटलीय पण ती नाही केली तर उकडलेल्या मटणाचा वास येतो, कारण स्लो कुकरमध्ये रंग कधीच येत नाही. त्याच कढईत कांदा परतायचा, अर्धी वाटी पाण्याने तळ खरवडून घ्यायचा आणि ते सगळं आत ओतायचं. बटाटा-गाजर तळाला, मोठे तुकडे, कारण स्लो कुकरमध्ये ते मांसापेक्षा उशिरा शिजतात. पाणी जास्तीत जास्त एक वाटी. तुमच्या रेसिपीत चार आहे, पण इथे काही आटत नाही हो, उलट मटणाचंच पाणी सुटतं. वसईकडच्या मैत्रिणीने बॉटल मसाला (तिकडच्या ख्रिस्ती घरांतला बाटलीत भरून ठेवायचा मसाला) दिला होता तो मी चमचाभर घालते, शुद्ध अमेरिकन लोकांनी नाक मुरडलं तरी चालेल. बोकडाचा खांदा लो वर सात-आठ तासांत हाडापासून चमच्याने सुटतो.

सकाळी लावून ऑफिसला जा, आल्यावर गरम जेवा, हे वाचायला छान. आठ तासांत घरी येणारा माणूस मुंबईत मला दाखवा. मुलुंडहून फोर्टला जाऊन येणाऱ्याचे अकरा तास होतात, आणि मधे लाइट गेले तर कळायला मार्ग नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला अख्ख्या शहराची वीज गेली होती, काही उपनगरांत कितीतरी तास नव्हती. कोणी घरी नसताना असं झालं तर ते मटण टाकूनच द्यायचं. मी रविवारीच करते. आणि न्यू जर्सीहून नातेवाईकांनी आणलेला कुकर असेल तर मागचं लेबल वाचा, तो १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० च्या प्लगला नुसती पिन बदलून लावलात तर जवळजवळ चौपट वीज खेचून जळतो.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा, निदान टायमर आणि राजमा एवढं तरी. आणि पुरवणीतच छापा, कारण रेसिपी कापून फ्रिजवर चिकटवणारे लोक पत्रांचं पान उघडत नाहीत.

आपली,
एक वाचक, मुलुंड पूर्व, मुंबई