शेवटच्या तासाला कोण बसतं? – उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात मी ग्रंथपाल होते. आता निवृत्त आहे. नोकरीत असताना असं पत्र लिहिणं कठीण असतं, म्हणून आज लिहिते आहे. ग्रंथपालाच्या टेबलापाशी कॉलेजातला प्रत्येक माणूस कधी ना कधी येतो. प्राचार्य येतात, तासिकेवरचे, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच पैसे मिळणारे शिक्षक येतात, दुपारचा डबा खायला जागा शोधणारी सफाईची बाई येते आणि पुस्तकपेढीच्या रांगेत उभी राहणारी मुलं तर रोजचीच. त्यांच्याकडे बघत माझी सगळी नोकरी गेली. पुढे जे लिहिलं आहे ते तिथूनच आलं आहे.

नियमांची आपल्याकडे वाण नाही. प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली सांगितलं. लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा, त्यावरचे आयोगाचे विनियम २०१५ चे, दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा, विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे विनियम २०२३ चे. या प्रत्येकाची फाईल आमच्या कॉलेजात होती. नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची समिती येणार असली की त्या कपाटातून निघायच्या, सातव्या निकषाखाली फोटो डकवले जायचे, महिला दिनाच्या व्याख्यानाचा अहवाल जोडला जायचा. समिती गेली की फायली परत कपाटात. माझी आपल्याला पहिली विनंती हीच आहे की आणखी एक अहवाल मागवू नका. त्याऐवजी दुपारी साडेतीननंतर आमच्या कॉलेजांत कोण शिल्लक राहतं, ते विचारा.

कोकणात समान संधीची सुरुवात एस.टी.च्या थांब्यावर होते. आमची गावं डोंगरउतारावर पसरलेली, वाड्या एकमेकींपासून लांब. मुख्य रस्त्यावर उतरलं तरी पुढे पाखाडीच्या दगडी पायऱ्या, ओढ्यावरचा एखादा साकव आणि पावसाळ्यात फुगलेला पऱ्या, म्हणजे ओहोळ. शेवटचा तास साडेचारला सुटतो. गावाकडे जाणारी गाडी मात्र साडेतीनला, आणि त्यानंतर थेट संध्याकाळी सातची वस्तीची. सातच्या गाडीने उतरलेल्या मुलीने काळोखात एकटीने वाडी गाठायची, हे कुठल्याही आईला पटत नाही, आणि मी त्या आईला दोष देणार नाही. मग मुलगी साडेतीनला निघते. शेवटचा तास बुडतो, प्रात्यक्षिक अर्धवट राहतं. स्पर्धा परीक्षेचं मार्गदर्शन, युवा महोत्सवाच्या तालमी, खेळाचा सराव हे सगळं चारनंतर, म्हणून त्यातलं काहीच तिच्या वाट्याला येत नाही. तिथे असतात बाजारपेठेत राहणारी मुलं आणि मोटारसायकल असलेले मुलगे. वर्षाच्या शेवटी स्टाफ मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, मुली पुढेच येत नाहीत.

अशी एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आहे. संदर्भग्रंथ घरी द्यायचा नियम नाही, म्हणून ती वाचनकक्षात उभ्याउभ्याच उतारे काढायची, एक डोळा भिंतीवरच्या घड्याळाकडे. सव्वातीनला वही मिटायची. तिच्या वहीत उतारा अर्ध्या वाक्यावर तुटलेला असायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचा. अशा तुटक उताऱ्यांवर तिने पदवी घेतली, तीही चांगल्या गुणांनी. तिच्या बरोबरीच्या किती जणी मधेच थांबल्या, याची नोंद कुठल्याच निकषात होत नाही.

शासनाने बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना एस.टी.चा मोफत पास दिला. कोकणातल्या घरांना त्याचा फार मोठा आधार झाला. पण बारावीचा निकाल लागला की तोही संपतो. त्याच गाडीने, त्याच थांब्यावरून, त्याच आवारात येणारी मुलगी प्रथम वर्षाला गेली की पासाचे पैसे भरू लागते. विद्यार्थी सवलत आहे, २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीटही आहे, हे मला माहीत आहे. तरीही ज्या घरात आंब्याच्या हंगामावर वर्ष काढायचं असतं, तिथे दर महिन्याला रोख पैसे काढून ठेवणं जड जातं. हा मोफत पास पदवीपर्यंत न्यावा, ही मागणी आपण परिवहन खात्याकडे जोर लावून मांडावी. आणि त्याहून निकडीची गोष्ट म्हणजे वेळापत्रक. कॉलेज सुटल्यावर अर्ध्या तासात सुटणारी एक फेरी प्रत्येक आगाराने प्रत्येक मोठ्या मार्गावर ठेवली, तर आमच्या समान संधी कक्षाने दहा वर्षांत केलं नाही एवढं काम एका वर्षात होईल.

२०२४ च्या जुलैमध्ये वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क माफ झालं. निर्णय चांगला आहे, मनापासून म्हणते. पण ते अभ्यासक्रम जिथे आहेत तिथे राहायचं कुठे? दापोलीजवळच्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं. त्यांच्या कोकणात आजही कित्येक तालुक्यांच्या गावी कॉलेजच्या मुलींना धड वसतिगृह नाही.

मुलग्यांचंही सांगायला हवं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत खारवी, दालदी, गाबीत अशा मासेमार घरांतले मुलगे वर्गात नियमित दिसतात. नारळी पौर्णिमा होते, होड्या पाण्यात जातात आणि मागचे बाक रिकामे पडतात. घरच्या होडीवर माणूस कमी म्हणून मुलगा खलाशी होतो, ७५ टक्के हजेरी भरत नाही आणि परीक्षेच्या तोंडावर त्याच्या वडिलांना हमीपत्र घेऊन प्राचार्यांसमोर उभं केलं जातं. या मुलांसाठी किनाऱ्यावरच्या कॉलेजांना सकाळच्या सत्राची, सुट्टीतल्या प्रात्यक्षिकांची मोकळीक द्या. उनाडपणा आणि घराची गरज यातला फरक हजेरीपटावरून कळत नाही.

आता जातीबद्दल. कोकणात वाडीचं नाव सांगितलं की जात कळते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. म्हणून तर वाड्यावस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२० च्या डिसेंबरमध्ये घेतला. मग तीच जात भर वर्गात का पुकारली जाते? तास चालू असतो. शिपाई नोटीस घेऊन येतो. शिक्षक शिकवायचं थांबवून ती मोठ्याने वाचतात: शिष्यवृत्तीचे अर्ज राहिलेले अमुक प्रवर्गाचे विद्यार्थी, आणि पुढे एकेक नाव. माना वळतात. कुणी काही बोलत नाही, पण त्या दिवसापासून कोण कुठल्या बाकावर बसतं ते बदललेलं मी पाहिलं आहे. बौद्धवाडीतला एक हुशार मुलगा तिसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायलाच गेला नाही. त्याचे वडील मुंबईत वॉचमन. फीचे पैसे त्यांनी उसने काढून पाठवले. का भरला नाहीस, म्हणून विचारलं तर म्हणाला, “बाई, दरवर्षी उभं राहायला नको वाटतं.”

महोदय, शिष्यवृत्तीचे अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात. प्रत्येक विद्यार्थ्याचा मोबाईल क्रमांक तिथे नोंदलेला असतो. संदेश थेट त्याच्या फोनवर जाऊ शकतो. विद्यार्थ्याचा प्रवर्ग वर्गात वाचायचा नाही, सूचनाफलकावर लावायचा नाही, एवढं एका ओळीचं परिपत्रक काढा. त्याला एक रुपयाही लागत नाही. आम्ही महाडपासून फार लांब राहत नाही. १९२७ साली चवदार तळ्यावर जे झालं त्याचे धडे आमची मुलं परीक्षेला लिहितात. त्यांना वर्गात उभं करून त्यांची जात वाचली जाऊ नये, एवढं तरी आपण पाहू शकतो.

दालदी मोहल्ल्यातल्या, म्हणजे मुसलमान मासेमार घरांतल्या मुलींचा प्रश्न वेगळा आहे. त्या उर्दू माध्यमातून येतात, इथे शिकवणं मराठीत आणि पुस्तकं इंग्रजीत. पहिलं वर्ष नुसतं भाषा जुळवण्यात जातं. मी उर्दू शब्दकोश आणि काही संदर्भपुस्तकांची मागणी लावली होती, ती ‘विषय शिकवला जात नाही’ म्हणून यादीतून कापली गेली. पहिल्या सत्रात भाषेचा एक पूरक वर्ग चालवला तरी या मुली टिकतील.

विद्यार्थ्यांचं एवढं बोलून कर्मचाऱ्यांबद्दल गप्प राहिले तर ते अर्धं पत्र होईल. राज्यात प्राध्यापकांची हजारो पदं रिक्त आहेत. बिंदुनामावली, म्हणजे कुठलं पद कुठल्या प्रवर्गाला जाणार याची यादी, तपासून घेतली जाते, प्रवर्ग ठरतो, पण पदच भरलं गेलं नाही तर तो बिंदू कागदावरच राहतो. आरक्षण न मोडताही नाहीसं होतं ते असं. कुणबी, बौद्ध, मुसलमान, कोळी घरांतली मुलं तीन वर्षं शिकून बाहेर पडतात आणि आपल्यासारख्या घरातून आलेला एकही कायम प्राध्यापक त्यांना भेटलेला नसतो. जे भेटतात ते तासिका तत्त्वावर. सेट-नेट झालेले, पीएच.डी. झालेले, सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या. मानधन महिनोन्‌महिने रखडतं, सुट्टीत मिळतच नाही.

यात बायकांची अवस्था जास्त वाईट. एकाच वर्षी आमच्याकडे दोघींची बाळंतपणं झाली. एक कायम, तिला नियमाप्रमाणे १८० दिवसांची पगारी रजा मिळाली, आणि मिळायलाच हवी होती. दुसरी तासिकेवर रसायनशास्त्र शिकवणारी. आठव्या महिन्यापर्यंत ती प्रयोगशाळेत उभी होती, कारण तास सोडले तर पैसे नाहीत. मग तिचे तास दुसऱ्याला दिले गेले. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर ती परत आली तेव्हा पुढच्या वर्षीच्या मुलाखतीला या, असं तिला सांगण्यात आलं. दोघी तेच विषय शिकवायच्या, ग्रंथालयातलं एकच कपाट वापरायच्या. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला आयोगाच्या २०२२ च्या विनियमांप्रमाणे २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. मग पीएच.डी. होऊन तासिकेवर शिकवणाऱ्या स्त्रीला एक दिवसही का मिळू नये? कायम पदं भरायला वेळ लागणार असेल तर निदान तोवर बाळंतपणानंतर तिचे तास तिलाच परत मिळतील, एवढी हमी द्या.

आणि निर्णय जिथे होतात तिथे स्त्रिया किती आहेत, तेही पाहा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष चाकरमानी म्हणून मुंबईला, घर, शेत आणि मुलांचं शिक्षण बायकांच्या खांद्यावर. वर्गात मुली, शिक्षकांत बऱ्याच बायका. पण महाविद्यालय विकास समितीच्या तीन निवडलेल्या शिक्षकांत किमान एक स्त्री असावी, असं २०१६ चा विद्यापीठ कायदा म्हणतो, आणि आमच्याकडे ‘किमान एक’चा अर्थ ‘एकच’ असा घेतला गेला.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी कायद्याने प्रवेशात ५ टक्के जागा राखीव आहेत. आमचं ग्रंथालय माडीवर होतं. पायाने अधू असलेली एक मुलगी जिन्याखाली थांबायची, चिठ्ठी वर पाठवायची आणि परिचर पुस्तक खाली नेऊन द्यायचा. पुस्तक तिला मिळत होतं. कपाटासमोर उभं राहून, चार पुस्तकं चाळून, त्यातलं एक निवडणं तिला तीन वर्षांत एकदाही मिळालं नाही. खाली जांभ्याचा उतार बांधला होता, त्यावर पावसाळ्यात शेवाळ धरायचं आणि त्याच्या शेवटी एक पायरी होती. उताराचा फोटो फाईलमध्ये आहे. त्यावरून एखादी चाकाची खुर्ची कुणी ढकलून पाहिली आहे का, हे तपासणाऱ्यांनी विचारावं.

तक्रार करायची तर कुठे? लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या फलकावर निवृत्त झालेल्या बाईंचं नाव आणि बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक बरेच दिवस तसाच होता. समितीत दोन शिक्षकेतर कर्मचारी असावेत असा नियम आहे, पण सफाईच्या बायका कंत्राटावरच्या, त्यांना अशी समिती असते हेच ठाऊक नव्हतं. कॉलेजात न्याय मिळाला नाही तर पुढचा दरवाजा मुंबईत, विद्यापीठात. सावंतवाडीची मुलगी ५०० किलोमीटरच्या आसपास प्रवास करून, कुणाला तरी सोबत घेऊन, आपल्याच शिक्षकाविरुद्ध बोलायला जाईल का? मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र रत्नागिरीत आहे. दोन महिन्यांतून एकदा तिथे सुनावणी ठेवा, आणि ऐकणारी व्यक्ती त्या संस्थेच्या, त्या तालुक्याच्या बाहेरची असू द्या. आमच्याकडे गावकी-भावकीत सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात. तक्रार ऐकणारा संस्थाचालकांच्या नात्यातला निघाला तर मुलगी तोंड उघडत नाही.

यातल्या पदभरतीला पैसा लागेल, वेळ लागेल, हे मी समजू शकते. नोटिशीचं परिपत्रक, रत्नागिरीतली सुनावणी, तासिकेवरच्या बाईचे तास तिला परत देणं, यांना तसं काही लागत नाही. आणि एस.टी.चं म्हणाल तर कॉलेजांची वेळापत्रकं जूनमध्ये लागतात. त्याआधी, एप्रिल-मेमध्ये, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधल्या प्राचार्यांची आणि आगारप्रमुखांची प्रत्येक जिल्ह्यात एक बैठक आपल्या कार्यालयाने लावावी. बैठकीला दूरच्या वाड्यांतून येणाऱ्या दोन-चार विद्यार्थिनींना बोलवा. कुठली गाडी किती वाजता हवी, ते त्या तोंडपाठ सांगतील. बैठकीची तारीख कळली तर त्यांची नावं आणि मार्ग मी स्वतः आणून देईन.

आपली,
एक निवृत्त महाविद्यालयीन ग्रंथपाल
रत्नागिरी जिल्हा