अडीच गुंठे

नेवासे,
रविवार, संध्याकाळ

चि. बाळ यास,
प्रभूच्या नावात सलाम आणि अनेक आशीर्वाद.

सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी उपासनेहून नुकताच परतलो होतो. "पप्पा, दावा लावायला वकिलांना होय म्हणू का?" असं तू विचारलंस आणि मला बोलताच आलं नाही. तू रागानं फोन ठेवलास. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आता लिहितो. सावकाश वाच, कंपनीच्या बसमध्ये घाईत वाचू नकोस.

तुझं म्हणणं खरं आहे, हे आधी सांगतो. काकांच्या मुलानं घातलेली भिंत आपल्या हद्दीत आली आहे. मोजणीच्या जुन्या टिपणावरून मी स्वतः ताडून पाहिलं. अडीच गुंठे भरतात, म्हणजे २,७२२ चौरस फूट. फाट्याजवळ, रस्त्याला लागून. आज त्याचे पैसे आले तर तुझ्या फ्लॅटच्या हप्त्यांचं ओझं किती हलकं होईल, हे मला कळतं. दर महिन्याच्या पाच तारखेला तुझा जीव कसा टांगणीला लागतो ते तुझी आई मला सांगते.

पण तू आणखी एक गोष्ट बोलता बोलता सांगून गेलास. वकिलांना रविवारी सकाळीच वेळ असतो, म्हणून गेले तीन रविवार तू उपासनेला गेला नाहीस. अडीच गुंठ्यांपेक्षा ते मला जास्त लागलं.

मी ३२ वर्षं भूकरमापक, म्हणजे जमिनी मोजणारा सरकारी माणूस, होतो. नोकरीला लागलो तेव्हा ३३ फुटांची साखळी आणि फलक घेऊन बांधाबांधानं हिंडायचो. ३३ बाय ३३ झाला की एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. या मापानं मी निम्मा जिल्हा पायाखाली घातला. एका गावी दोन सख्खे भाऊ बांधावरच्या एका लिंबाच्या झाडासाठी भांडत होते. मोजणीच्या दिवशी दोघांची बायकामुलं दोन बाजूंना उभी, मधे पोलीस. मी हद्दीच्या खुणा दाखवल्या, धाकट्याला ते मान्य झालं नाही आणि प्रकरण कोर्टात गेलं. वीस वर्षांनी त्याच गटाच्या मोजणीचा अर्ज पुन्हा माझ्याच टेबलावर आला. सातबारा काढला तर दोन्ही भावांच्या नावांना कंस झालेले. वारसाची नोंद झाली की तेव्हा जुन्या नावाला कंस व्हायचा, हे मी हजार वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी मात्र हात थांबला. शेतावर गेलो तर त्यांची मुलं त्याच जागी, तशीच दोन बाजूंना उभी होती. लिंबाचं झाड तोडून किती वर्षं झाली होती कोण जाणे, बुंधासुद्धा उरला नव्हता.

तू म्हणशील, पप्पा लोकांच्या गोष्टी सांगतात. मग माझी सांगतो. तुझे आजोबा ख्रिस्तवासी झाले तेव्हा तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थना होती. पाळकसाहेब पुनरुत्थानाविषयी बोलत होते आणि मी डोळे मिटून मनात वाटणी करत होतो. विहिरीकडचा तुकडा मला, रस्त्याकडचा भावाला, की उलट? प्रार्थना संपली, सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि मी दचकलो. बापासाठी केलेल्या प्रार्थनेतला एक शब्दही माझ्या कानात शिरला नव्हता. ती प्रार्थना मला आता परत मिळणार नाही. तुझं तसं होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

लूकच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक जण येशूकडे हेच काम घेऊन आला होता. माझ्या भावाला सांगा, मला माझा वाटा दे. त्याचा हक्क खोटा होता असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही. तरी प्रभू म्हणाला, मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि लगेच त्यानं कोठारं पाडून मोठी बांधणाऱ्या श्रीमंताचा दाखला सांगितला. माझं सारं आयुष्य वाटण्या मोजण्यात गेलं. जे काम प्रभूनं नाकारलं त्याचा मी पगार घेतला, असं वाटून मी कितीतरी रात्री हा अध्याय वाचत बसलो आहे. तो पगार प्रामाणिकपणे मिळवला, त्याची मला लाज नाही. पण प्रभूला त्या माणसाच्या जमिनीपेक्षा त्या माणसाची काळजी होती, हे मला तिथे कळलं.

आणि अब्राहाम बघ. गुराख्यांची भांडणं झाली तेव्हा वडीलकीचा मान त्याचा, तरी त्यानं पुतण्याला, लोटाला, आधी निवडू दिलं. लोटानं यार्देनेचं भरल्या पाण्याचं खोरं घेतलं आणि सदोमापर्यंत तंबू नेले. अब्राहाम डोंगराकडे राहिला. सगळा देश ज्याला देईन म्हणून देवानं सांगितलं, त्याच्या नावावर शेवटी काय झालं? मक्पेल्याचं एक शेत आणि त्यातली गुहा. तीही ४०० शेकेल रुपं मोजून, बायकोला, साराला, पुरायला. हे वाचताना माझ्यातला भूकरमापक दर वेळी चकित होतो. तंबूत राहून तो पाया असलेल्या नगराची वाट पाहत होता, असं इब्री लोकांस पत्रात लिहिलं आहे. त्या नगरावर नजर होती, म्हणूनच लोटाला "तू आधी घे" म्हणताना त्याची जीभ अडखळली नाही.

मग नोकरी, घर, हप्ते सगळं सोडायचं का? नाही रे. लहानपणी तुला मुक्ती मिशन दाखवायला नेलं होतं, आठवतं? नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४ मध्ये दुष्काळात उपासमारीनं गेले, तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. पुढे १८९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा केडगावला आणल्या. तिथे विहिरी खोदवल्या, शेती केली, मुलींना छापखान्याचं काम शिकवलं. त्याच छापखान्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या. १९२१ मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती एक मुलगी, गेली. बाईंनी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि ते पूर्ण पुस्तक छापून आलं १९२४ मध्ये. स्वर्गाकडे डोळे लावलेल्या बाईनं जमिनीत विहिरी खोदल्या आणि त्यांचं पाणी पोरक्या मुली प्यायल्या. तुझा फ्लॅटही तसाच असू दे. एखादं गावाकडचं पोर परीक्षेला आलं तर त्याला तिथे अंग टाकायला जागा मिळू दे.

अन्याय झाला तर गप्प बसायचं, असंही माझं म्हणणं नाही. तुझ्या आत्याचा हिस्सा कोणी बुडवला असता तर अर्ज मीच लिहिला असता. राजानं बळकावलेल्या नाबोथाच्या मळ्याविषयी देव गप्प बसला नव्हता. शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सारू नये हा नियम मोशेच्या शास्त्रात आहे, आणि तुझ्या चुलतभावानं तो मोडला आहे. ते त्याला सांगावं लागेल, तोंडावर आणि प्रेमानं. पण आपलं पोट त्या तुकड्यावर अवलंबून नाही. आणि ज्याच्याशी कोर्टात उभं राहायचं, तो आपल्याच मंडळीत माझ्यापासून दोन बाकं पुढे बसतो. आज प्रभुभोजनाच्या वेळी तो पुढे गेला, मी मागे राहिलो. त्याच्या मागोमाग जाऊन भाकर घ्यायला माझे पाय उचलले नाहीत. भिंत त्याची आहे, पण तिच्या अलीकडे मीही बसलो होतो.

म्हणून माझ्यापुरतं मी ठरवलं आहे, कोर्टात जायचं नाही. ती जमीन वाडवडिलांची आहे, तुझाही तिच्यात हक्क आहे; तुझ्यावर मी जबरदस्ती करणार नाही. प्रार्थना कर आणि मग ठरव. पण उत्तर मला दे, वकिलांना आधी नको.

येत्या शनिवारी मी गावी जाणार आहे. टिपणाची नक्कल घेऊन तुझ्या चुलतभावाच्या ओट्यावर बसेन, भिंत कुठवर आली आहे ते दाखवीन आणि ती पाड असं म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी हंगामाचा सण आहे. आई आत्तापासून ज्वारी निवडते आहे. आजीसारखी रोज एक मूठ बाजूला काढून ठेवलेली, वेदीपुढे ठेवायची. शनिवारी दुपारी पुण्याहून एसटीत बसलास तर रात्रीपर्यंत पोहोचशील. दार लोटलेलंच असेल, कडी घालणार नाही.

तुझा,
पप्पा