वॉर्डाचं छत ठरवताना सिस्टरांनाही विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नव्या रुग्णालयाच्या इमारतीची बातमी आली की खाटा किती, लिफ्ट किती, ऑक्सिजनची सोय कशी हे सगळं त्यात असतं. आत आवाज किती घुमणार, याबद्दल कोणी अक्षर काढत नाही. मी सरकारी सेवेतून परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा बराच काळ जुन्या दगडी वॉर्डात गेला, शेवटची वर्षं नव्या इमारतीत. म्हणून हे पत्र.

नव्या वॉर्डात छातीपर्यंत चकचकीत टाइल्स, खाली गुळगुळीत फरशी, वर पीओपीचं छत आणि एसीसाठी कायम बंद काचा. पुसायला सोपं, उद्घाटनाच्या फोटोत देखणं. पण लोखंडी स्टूल सरकलं तरी पार टोकाच्या खाटेवरचा पेशंट दचकून उठायचा. नर्सिंग काउंटर लिफ्टच्या तोंडाशी, चारी बाजूंनी उघडं. दुपारी दोनचं ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सांगणं, तिथेच व्हायचं. एक सिस्टर सांगते आहे, ‘‘सात नंबरचं पोटॅशियम कमी आलंय, लघवीचं माप ठेव.’’ तेवढ्यात लिफ्टचं दार उघडतं, नातेवाइकांचा घोळका बाहेर पडतो, जेवणाची ट्रॉली खडखडत जाते, एक मॉनिटर वाजत असतो, त्यात औषध थेंबाथेंबाने सोडणारा सिरिंज पंपही वाजू लागतो. ऐकणारी पुढे वाकून विचारते, ‘‘सात का आठ?’’

रात्री डॉक्टर फोनवर ऑर्डर देतात तेव्हाही हेच. डोपामिन आणि डोब्युटामिन ही नावं शांत खोलीतसुद्धा कानाला जवळची वाटतात, औषधं मात्र वेगळी. आम्ही ऑर्डर पुन्हा म्हणून दाखवतो, स्पेलिंग विचारतो. ही खबरदारी घ्यायचीच. पण गोंगाटात ती घेताना आवाज चढवावा लागतो, आणि वॉर्डातल्या गोंगाटात आमचीच भर पडते. टणक भिंतींवरून आवाज परतत राहिला की अलार्म कुठल्या खाटेचा तेही पटकन उमगत नाही. नवी मुलगी आधी मान वळवून शोधते, मग धावते.

जुना वॉर्ड शांत होता असं मी म्हणणार नाही. पण खिडक्या उघड्या असायच्या आणि नातेवाईक व्हरांड्यात बसायचे. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी १८९५च्या सुमारास खोलीतला घुमारा मोजायला घेतला, तेव्हा कुठली वस्तू किती आवाज शोषते याचं माप त्यांनी उघड्या खिडकीवरूनच धरलं होतं. आपण खिडक्या बंद केल्या आणि त्यांच्या जागी आवाज गिळणारं काहीच ठेवलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शनानुसार वॉर्डात रात्री सरासरी ३० डेसिबलच्या वर आवाज नसावा. आपल्याकडे २०००च्या नियमांनी रुग्णालयाभोवतीचं १०० मीटरचं शांतता क्षेत्र आणि तिथली रात्रीची ४० डेसिबलची मर्यादा ठरली. तो फलक फाटकाबाहेरच्या हॉर्नसाठी. आतल्या छताला कोण विचारणार?

स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळच्या हुडिंगे रुग्णालयाने विचारलं. तिथल्या हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात काही काळ टणक आणि काही काळ आवाज शोषणाऱ्या छताच्या पट्ट्या लावून पाहिल्या. माणसं तीच, काम तेच. २००५मध्ये निष्कर्ष छापून आले: शोषणारं छत असताना कर्मचाऱ्यांना कामाचा ताण कमी जाणवला. बदललं होतं फक्त छत!

असं छत लावलं की जंतू बसतील, अशी शंका अभियंते काढतात. शंका रास्त आहे. पण धुता-पुसता येणारे, खास रुग्णालयांसाठीचे शोषक पॅनेल मिळतात. शिवाय ओव्हरसाठी दार असलेली छोटी खोली, औषधं भरायला काउंटरपासून वेगळा कोपरा, ट्रॉल्यांना रबरी चाकं आणि ती वेळेवर बदलण्याची तजवीज, नातेवाइकांना वॉर्डाबाहेर बसायला बाकं. यातलं काहीही नकाशावर असताना करणं स्वस्त पडतं, स्लॅब टाकून झाल्यावर महाग.

सार्वजनिक आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की, नव्या वॉर्डाचा नकाशा मंजूर होण्याआधी तो अधिसेविकांकडे (मेट्रनकडे) आणि रात्रपाळी करणाऱ्या दोन-तीन अधिपरिचारिकांकडे (स्टाफ नर्सकडे) पाठवावा, त्यांचा शेरा लेखी घ्यावा. आणि इमारत ताब्यात घेताना लिफ्ट व अग्निशमन तपासतात तसा वॉर्डातला आवाजही मोजावा.

– एक निवृत्त परिसेविका, सातारा