मोल्डचा कोपर

मँचेस्टर, रविवार

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

गुडघा बरा आहे असं आई फोनवर म्हणाली. पण तिच्या 'बरा'वर माझा भरवसा नाही, तुम्हीच खरं कळवा.

परवा १९०१ सालची एक मुकी फिल्म पाहिली. मैदान ओल्ड ट्रॅफर्ड. आर्थर मोल्ड बोलिंग टाकतोय, समोर लँकेशायर या इथल्या काउंटी टीमचा जुना कॅप्टन हॉर्नबी, वय चोपन्न. एवढंच. पण यामागची भानगड तुमच्या कामाची आहे. त्याच वर्षी जुलैत, इथेच, सॉमरसेटविरुद्धच्या मॅचमध्ये जिम फिलिप्स नावाच्या ऑस्ट्रेलियन अंपायरने मोल्डला सोळा वेळा नो-बॉल दिला. बट्टा मारतो, म्हणजे वाकवलेला कोपर सरळ करत बॉल फेकतो म्हणून! लँकेशायरचा हुकमी बोलर, घरचं मैदान, घरचं पब्लिक. मुंबईच्या कांगा लीगमध्ये अंपायर असताना तुम्ही त्या पोराला तीनदा नो-बॉल दिलात, तर महिनाभर आपल्याकडे कोणी चहाला फिरकलं नव्हतं. इथे सोळा!

त्यानंतर ब्लॅकबर्नच्या मिचेल आणि केन्यन यांनी ही फिल्म घेतली. गिरणी सुटताना कामगारांची फिल्म काढायची आणि जत्रेत तंबूत त्यांनाच दाखवायची, हा त्यांचा धंदा. स्वतःला बघायला लोक पैसे मोजायचे. आपल्या लग्नाच्या व्हिडिओत काका अजून फक्त स्वतःलाच शोधतात, तसंच. पुढे सगळं विस्मरणात गेलं. १९९४ साली ब्लॅकबर्नमधल्या एका दुकानाच्या तळघरात पत्र्याचे पिंप सापडले, आत आठशेच्या आसपास रिळं. पेट घेणारी जुनी नायट्रेट फिल्म, तरी एवढी वर्षं टिकली.

मी थर्ड अंपायर होऊन बसले. एकेक चित्र थांबवून पाहिलं. हात वर येतो तोवर ठीक, पण नेमका बॉल सुटताना कोपर धूसर होतो. हातानं फिरवायचा कॅमेरा, त्याच्याकडून आणखी काय मागणार? शिवाय आपल्याला बघताहेत हे ठाऊक असताना कोण बट्टा मारेल? मोल्डची कारकीर्द त्या मोसमाबरोबर संपली.

रणजीची याहून जुनी, १८९७ची सिडनीतली फिल्मही आहे, ती नंतर. आधी ही बघा. बंड्याला लिंक पाठवली आहे, तो टीव्हीवर लावून देईल. चष्मा लावून बघा आणि लगेच निकाल देऊ नका.

आईला नमस्कार. लोणचं पोचलं, बरणी मात्र वाटेत गळली.

तुमची,
सुमन