खुपऱ्या (ट्रॅकोमा, डोळ्यांचा संसर्गजन्य रोग) : औषधवाटपाच्या फेरीआधी वाचावे

सर्व सदस्यांना नमस्कार.

फेरी जवळ आली आहे, म्हणून पुन्हा एकदा आठवण. अ‍ॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा डोस उंचीच्या पट्टीवर मोजून द्यायचा, वय विचारून अंदाजाने नाही. लहान मुलांना पातळ औषधच द्या. मूल रडत असेल तर थांबा. नाक दाबून, जबरदस्तीने पाजू नका, ठसका लागून जीव गुदमरू शकतो. सहा महिन्यांखालील बाळांना टेट्रासायक्लिनचे डोळ्यांचे मलम, दिवसातून दोनदा, सहा आठवडे. मलम मध्येच सुटते, हा नेहमीचा अनुभव. आईला वेळ काढून नीट समजावा.

तपासणी करणाऱ्यांनी वरची पापणी उलटून पाहायलाच हवी. आतल्या बाजूला मध्यभागी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून मोठे पाच किंवा जास्त दाणे दिसले तरच नोंद करा. मोठ्या माणसांत पापणीचा आत वळलेला एकही केस बुबुळाला घासत असेल तर शस्त्रक्रियेसाठी नाव लिहा. पुष्कळ जण, विशेषतः बायका, चिमट्याने केस उपटून वर्षे काढतात आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत. तेव्हा विचारा.

खुपऱ्यांचे निर्मूलन झाले असे मानण्यासाठीचा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष माहीत असू द्या: १ ते ९ वर्षांच्या मुलांत असे दाणे असलेल्यांचे प्रमाण ५ टक्क्यांखाली, आणि १५ वर्षे व त्यावरील लोकांत आत वळलेल्या केसांचे, आरोग्ययंत्रणेला माहीत नसलेले रुग्ण ०.२ टक्क्यांखाली. नुसत्या गोळ्यांनी हे साधत नाही. चेहरा धुणे, पाणी, शौचालय हेही बोला, पण भाषण नको.

नोंदवह्या त्याच संध्याकाळी जमा कराव्यात.