सीझन संपल्यावर मनूला पत्र

नाशिक, चैत्र शुद्ध द्वादशी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल काळारामाचा रथ निघाला आणि कालच तुमच्याकडे नेदरलँड्सला उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे गेली. म्हणजे आता आपल्यात साडेचार नाही, साडेतीन तासांचं अंतर. हा तास मला फार मोलाचा वाटतो. तुमची जेवणं आटोपून मुलं अंथरुणात शिरतात तोवर इथे मी जागा असतो, आणि त्यांचा आवाज ऐकून झोपायला मिळतं. रथाला आई गेली होती. मी गुडघ्यामुळे गेलो नाही, गॅलरीत बसून तुझ्या परवाच्या फोनचा विचार करत होतो.

तू रडलीस आणि लगेच "धाकटा उठला" म्हणून फोन ठेवलास. "अण्णा, या वर्षी गुढीसुद्धा उभारली नाही मी. मुलांना मी काही म्हणजे काहीच देत नाहीये," असं म्हणालीस. मला फोनवर उत्तर सुचत नाही, माहीत आहे तुला. म्हणून लिहितोय.

दोघांना एकापाठोपाठ कांजिण्या, त्यात जावईबापू कामासाठी बाहेरगावी. एकाच्या खपल्या धरतायत तोवर दुसरीच्या अंगावर पहिला फोड. रात्री अडीचला उठून लोशन लावायचं, सकाळी तुमच्या ऑफिसची मीटिंग. इथे असतीस तर बिल्डिंगमधल्या चार घरांतून कडुनिंबाचा पाला आला असता, कुणी मऊ खिचडी आणून दिली असती, कुणी नुसतंच येऊन बसलं असतं. तिथे तू एकटीने केलंस. त्या आठवड्यात गुढी राहिली, तर राहिली. मी त्या जागी असतो तर मला पाडवा कधी आहे हेही आठवलं नसतं.

आता जे कधी बोललो नाही ते सांगतो. तुझ्या लहानपणीचा एकही वसंत मी घरी नव्हतो. जानेवारी ते एप्रिल म्हणजे द्राक्षाचा सीझन. सकाळी सहाला पिंपळगावच्या पॅकहाऊसला निघायचो, रात्री अकराला परत. बायका बारीक कात्रीने घडातला एकेक खराब मणी काढायच्या, मग पनेट म्हणजे छोट्या प्लॅस्टिकच्या डब्या, मग खोकी, माल झटपट थंड करायचं प्रीकूलिंग, कोल्ड स्टोरेज, आणि शेवटी कंटेनर न्हावाशेवा बंदराला रवाना. तीस सीझन मी "रॉटरडॅम" लिहिलेल्या कागदांवर सह्या केल्या. पुढे माझी मुलगी त्या बंदरापासून अर्ध्या तासावर डेल्फ्टला संसार मांडेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

तू पाच वर्षांची असताना एका रंगपंचमीला मी हट्टाने सुट्टी काढली होती. तुला खांद्यावर घेऊन तिवंधा चौकात गेलो, रहाड दाखवायला. वर्षभर मातीखाली बुजलेला तो पेशवेकालीन दगडी हौद त्या दिवशी उघडतात, पोरं वरून धप्पा मारतात आणि पिवळं पाणी थेट घरांच्या ओट्यांपर्यंत उडतं. तू माझे केस घट्ट धरले होतेस. घाबरली होतीस आणि हसतही होतीस. तेवढ्यात ओळखीच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला की भरलेला कंटेनर थंड होत नाहीये. तुला मामाकडे सोपवून मी तसाच गेलो. वळून पाहिलं तर तू पिवळे हात पुढे करून माझ्याकडे बघत होतीस. तुला हे आठवत नाही, मी एकदा विचारून पाहिलं आहे. मला आठवतं. कंटेनर वाचला. कुणाचा होता तो माल, आज नावही आठवत नाही.

माझा शेवटचा सीझन २०२४ चा. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती, माल दोन-दोन आठवडे उशिरा पोचत होता, आणि मी रात्री झोपेतही द्राक्षांचे देठ हिरवे राहिलेत का ते बघायचो. त्यानंतर गेल्या वर्षी आम्ही दोघं तुझ्याकडे आलो. व्हिसाचे ते नव्वद दिवस, एप्रिल ते जून. साठी उलटल्यावर लहान मुलांच्या घरातला वसंत मी पहिल्यांदा पाहिला, मनू. तो तुझ्या घरात पाहिला.

धाकट्याला पाळणाघरात सोडायला कालव्याच्या कडेने चालत जायचो. दहा मिनिटांचा रस्ता, आम्हाला पाऊण तास लागायचा, कारण बदकीण पिल्लं घेऊन बसलेली असायची आणि पिल्लं मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही असा नियम होता. एका सोमवारी नऊ होती, मंगळवारी सात. "आजोबा, दोन हरवली?" मला काही सुचेना. थोरली म्हणाली, "बगळ्याने खाल्ली." तो बराच वेळ गप्प उभा राहिला, बुटांनी चिखल ढवळत. मग म्हणाला, "म्हणजे बगळ्याच्या बाळांचं जेवण झालं." आणि माझा हात धरून चालायला लागला. तू त्या वेळी घरी लॅपटॉपसमोर होतीस. हे तू पाहिलं नाहीस याची तुला खंत वाटेल, पण तो रस्ता तू रोज त्याच्याबरोबर चालतेस, हे विसरू नकोस. मोजायची सवय त्याला कुणी लावली? मी नाही लावली.

संध्याकाळी आठ वाजून गेले तरी ऊन, आणि "अजून दिवस आहे, मी का झोपू?" म्हणून त्याचं भांडण. आईने तिची गर्द निळी इरकली खिडकीला अडकवली तेव्हा कुठे तो झोपला. ती साडी अजून तिथेच आहे, असं थोरली म्हणाली. राहू दे. आईने मुद्दामच बॅगेत भरली नव्हती.

आणि २६ एप्रिल, तुमच्या राजाच्या वाढदिवसाचा सण, २७ ला रविवार आला म्हणून एक दिवस आधी. सगळं गाव नारिंगी कपड्यांत, आणि मुलं रस्त्यावर चादर अंथरून जुनी खेळणी विकायला बसलेली. थोरलीने आपलं कोडं पन्नास सेंटला विकलं आणि दहा मिनिटांनी विचार बदलून परत मागायला गेली. तो मुलगा द्यायला तयार नव्हता. तू लांबून बघत होतीस, मध्ये पडली नाहीस. शेवटी तिने त्याला पन्नास सेंट आणि वर एक कुरडई दिली आणि कोडं परत आणलं. मी तुझ्या जागी असतो तर उठून दोघांना समजावलं असतं आणि तिची ती सगळी मजा घालवली असती. तू बसून राहिलीस. हे मला तीस वर्षांत जमलं नव्हतं.

तुमच्या दुकानातली ती द्राक्षंही आठवतात. पनेटवर "इंडिया" वाचलं आणि मी पनेट उलटंपालटं करत राहिलो. देठ हिरवे होते, मणी एकसारखे. थोरलीने विचारलं, अजून चार दिवस ठेवली तर आणखी गोड होतील का? मी तिला सांगितलं की द्राक्ष आंब्यासारखं नसतं, तोडल्यावर पिकत नाही, वेलीवर जेवढी गोडी आली तेवढीच. तिने ते दुकानातल्या बाईंना डच भाषेत समजावून सांगितलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. काय म्हणाली ते तू मला नंतर सांगितलंस. "हे माझे आजोबा. हे द्राक्षं पाठवायचे." तेव्हा मी पाण्याची बाटली शोधतोय असं दाखवून दुसऱ्या रांगेत गेलो होतो. डोळे पुसायचे होते.

तर तू काही देत नाहीस हे मला पटत नाही. मी डोळ्यांनी पाहून आलोय.

गुढीबद्दल माझं आणि आईचं एकमत नाही. मी म्हणतो, पाडवा गेला की गुढी गेली, मागाहून उभारायची गरज नाही. आई म्हणते, चैत्रगौर अक्षय्य तृतीयेपर्यंत असते, एखाद्या शनिवारी त्या सुरिनामी दुकानात कैरी मिळाली तर आंबेडाळ आणि पन्हं कर, शेजारच्या आजींना बोलाव, झालं हळदीकुंकू. नाही जमलं तरी तिची तक्रार नाही. मुलांशी मराठीत बोलायचं मात्र सोडू नकोस. दमलेली असतेस तेव्हा तू इंग्रजीवर जातेस, मी ऐकलं आहे. दमल्यावरसुद्धा मराठीत रागाव.

कुरडयांचं पार्सल परवा पोस्टात टाकलं. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, आईने चीक काढला. या वर्षी सोऱ्या मी दाबला, त्यामुळे काही कुरडया वाकड्या आहेत. थोरलीचा वाटा वेगळ्या पिशवीत आहे, तुमच्या चॉकलेटच्या कण्या लावलेल्या ब्रेडबरोबर ती कुरडई खाते हे आई अजून सगळ्यांना सांगते.

मामाच्या दिंडोरीच्या बागेत या आठवड्यात खरड छाटणी झाली. फोटो पाहून धाकट्याने विचारलं की मामाआजोबांनी सगळी पानं का काढली. त्याला सांग, आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात. ऑक्टोबरची छाटणी फळासाठी, ही आत्ताची नवी काडी तयार व्हायला. पुढच्या सीझनचे घड याच उन्हाळ्यात त्या काडीच्या डोळ्यांत तयार होतात, बाहेरून काही दिसत नाही. दोनेक आठवड्यांत फुटवे येतील, तेव्हा फोटो पाठवतो. या वर्षी बदकीण आली का, आणि पिल्लं किती, ते मला कळवायला सांग त्याला.

तुझे
अण्णा