सुट्टीतली पुस्तके आणि बॅगेचे वजन

महोदय,

आठ दिवसांच्या सुट्टीसाठी आठ पुस्तके बॅगेत कोंबली जातात आणि जेमतेम दीड वाचून परत येतात. तीन पुरतात: एक अर्धे वाचून झालेले, एक कथासंग्रह, एक नवे. नव्याची पहिली २० पाने घरीच वाचून पाहावीत. तिथे पकड घेतली नाही तर प्रवासात काय घेणार! ३०० पानी साध्या बांधणीचे पुस्तक साधारण ३५० ग्रॅम भरते, पुठ्ठा बांधणीचे बरेच जास्त. पुस्तके बॅगेच्या चाकांच्या बाजूला, कणा खाली करून घट्ट बसवावीत. कपड्यांवर सैल टाकली की कोपरे दुमडतात. शाम्पूच्या बाटलीशेजारी तर नकोच. उन्हातल्या बंद गाडीतही ठेवू नयेत; कण्याचा गोंद मऊ पडून पाने सुटतात.

– एक वाचक